पाथेय आणि पात्र

आपल्या इतिहासग्रंथांतून स्वाऱ्यांचीं वर्णनें विपुल आढळतात. अमुक सेनापति अमुक तिथीस निघाला, इतके हत्ती, इतके घोडे व इतक्या तोफा त्याजबरोबर होत्या, अमुक घाटाखालीं गांठ पडली, हें सर्व आपण शाळेपासून पाठ करीत आलों. परंतु त्या घोड्यांचें पाणी आणि मशालींचें तेल कोणत्या भांड्यांतून गेलें, तीं भांडीं कोणीं घडविलीं, वाटेंत त्यांतलीं किती फुटलीं, ही विचारपूस इतिहासकार सहसा करीत नाहीं. वस्तुतः मजल किती लांबीची व्हावी हें पुष्कळ वेळां ह्या भांड्यानेंच ठरविलेलें असतें. घोड्याच्या अंगांत आणखी चार कोसांचें बळ असलें, तरी पाणी सरलें कीं स्वारीस मुक्काम करावा लागतो.

हा विषय आज घेण्यास एक निमित्त झालें आहे. जुन्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा व वाळूज ह्या उद्योगवसाहतींच्या आसपास पत्रा कापणारीं, वांकविणारीं व जोडणारीं लहान लहान दुकानें आहेत. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि तेव्हांपासून दुचाकी हें वाहन ह्या शहरांतील हजारों कुटुंबांच्या पोटापाण्याशीं जोडलें गेलें. अशा एखाद्या दुकानांत अलीकडे एखादा हौशी तरुण पुठ्ठ्याचा वेडावांकडा खोका घेऊन येतो व ‘असा डबा करून द्या’ म्हणतो. त्याला मोटारसायकलवरून लडाखला जावयाचें असतें. मनालीहून लेहकडे निघाल्यावर तांडी येथें पेट्रोलपंप लागतो; पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे, अशी पाटी तेथें कित्येक वर्षें प्रवाशांस बजावीत असे. अशा मोटारसायकलच्या टाकींत साधारणतः १३ ते १५ लिटर पेट्रोल मावतें. सपाट रस्त्यावर तेवढ्यांत ४०० किलोमीटर जातां येतील. पण चढावर, विरळ हवेंत, ओझें लादून व एखादे वेळीं वाट चुकून तितका पल्ला गांठतां येईलच असें नाहीं. म्हणून तो मूळच्या टाकीस पुरवणी म्हणून दुसरी टाकी घरींच आंखतो व करवून घेतो. ह्या पुरवणीस आम्ही जोडटाकी म्हणूं.

कित्येक वडीलधाऱ्यांस हा पोरखेळ वाटतो, कित्येकांस आत्मघात. आमच्या मतें हा एका फार जुन्या विद्येचा पुढचा पाठ आहे. त्यांत जो धोका आहे तो तरुणांच्या धाडसापेक्षां, त्या विद्येचे मागचे पाठ आपण सर्वच विसरलों ह्यामुळें अधिक आहे. ते पाठ आमच्या शहराच्या व जगाच्या इतिहासांतून एकत्र करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रवासाची तरतूद दोन रीतींनीं होऊं शकते. एक, वाटेवर साठा ठेवणें. दुसरी, साठा बरोबर नेणें. १३२७ सालीं महंमद तुघलकानें राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली, तेव्हां वाटेवर ठिकठिकाणीं उतारूंची सोय केली होती असें त्या काळचे लेखक सांगतात. दौलताबादच्या किल्ल्यांतील हत्तीहौद आजही पाहणाऱ्यास थक्क करतो. अहल्याबाई होळकर ह्यांनीं बांधलेल्या विहिरी, बारवा व घाट हेही ह्याच पहिल्या रीतीचे नमुने होत. आजचा पेट्रोलपंप हा त्या बारवेचाच वंशज. पहिली रीति जेथें नीट चालते तेथें प्रवासी रिकाम्या हातानें निघतो. ती जेथें संपते तेथें दुसरी सुरू होते, आणि मग सगळा भार पात्रावर येऊन पडतो.

आपल्याकडे ह्या पात्रविद्येचा मूळ आधार कातडें हा होता. मातीची घागर पाणी गार ठेवते, पण धक्का सोसत नाहीं. तांब्याचा हंडा धक्का सोसतो, पण तो जड व महाग. म्हणून भिस्त्याच्या खांद्यावरची बकऱ्याच्या कातड्याची मसक, बैलाच्या वा रेड्याच्या पाठीवर घालावयाची मोठी पखाल, आणि तेलातुपाचा बुधला हीं पात्रें शतकानुशतकें चाललीं. उत्तरेस बिकानेरकडे उंटाच्या कातड्याचे कुपे करीत, त्यांची रीत मोठी चतुराईची होती. आधीं मातीचा सांचा करावयाचा, त्यावर ओलें कच्चें कातडें थापावयाचें, आणि तें वाळून कडक झालें म्हणजे आंतली माती फोडून तोंडावाटे काढून टाकावयाची. आज कांचतंतूचें कापड राळेंत भिजवून सांच्यावर थापणारा तरुण आपण कांहीं नवें करीत आहों असें समजतो. त्याचें आजोळ बिकानेरच्या ह्या कुप्यांत आहे.

महाराष्ट्रांत मोट, पखाल व बुधला हीं पात्रें ढोर व चर्मकार समाजांतील कारागिरांनीं घडविलीं. मोटेचें पाणी शेतास चाललें, बुधल्यांतलें तूप ताटांत चाललें. पण त्या पात्रांचे टांके घालणारा हात मात्र गांवकुसाबाहेर राहिला. टांका कोठें दुहेरी घालावा, कातड्यास तेल केव्हां पाजावें, कोणत्या ऋतूंत कोणता सांधा उलतो, हें ज्ञान त्यांच्याजवळ होतें. तें कोणीं लिहून घेतलें नाहीं, आणि त्यांच्या हातीं लेखणीही जाऊं दिली नाहीं. इतिहासांत पात्राचा उल्लेख सांपडत नाहीं, ह्याचें हें एक मोठें कारण आहे. जें ज्ञान लिहिलें गेलें नाहीं तें प्रत्येक पिढीस पुन्हा नुकसान सोसून मिळवावें लागतें.

पात्र बळकट झालें तरी तें वाहनावर कसें बसवावें हा निराळा प्रश्न उरतो. औरंगजेब १६८२ सालीं औरंगाबादेस येऊन पोहोंचला, आणि १७०७ मध्यें अहमदनगराजवळ मृत्यु येईपर्यंत उत्तरेस परतला नाहीं. त्याची छावणी म्हणजे एक चालतें शहरच होतें. अशा मोगल छावण्यांचें धान्य वाहिलें लमाणांच्या तांड्यांनीं. बैलाच्या दोन अंगांस दोन गोण्या, आणि दोन्ही सारख्या वजनाच्या, हा त्यांचा पहिला नियम. एक गोणी हलकी झाली कीं बैल तिरपा चालतो व त्याची पाठ सोलली जाते. मोटारसायकलच्या मागील चाकाच्या दोन अंगांस टाक्या लावणारानें हा नियम डोक्यांत ठेवावा. पेट्रोलचें वजन लिटरास सुमारें पाऊण किलो. एका अंगास ८ लिटर असले व दुसरें अंग रिकामें झालें, तर ६ किलोंचा कल पडतो. आणि तो नेमका खडीवर किंवा ओढा ओलांडतांना जाणवतो. म्हणून जाणता कारागीर दोन्ही टाक्या तळाशीं नळीनें जोडतो, म्हणजे त्यांतील पातळी आपोआप सारखी राहते. शिवाय गोणींतल्या जोंधळ्यासारखें पेट्रोल स्वस्थ बसत नाहीं. वळणावर व ब्रेक दाबतांना तें एका बाजूस धांव घेतें, आणि ही धांव थोपविण्यासाठीं टाकीच्या पोटांत भोकें पाडलेले आडवे पडदे बसवावे लागतात.

हवेचा पाठ शिकावयास तर आमच्या शहरास बाहेर जाण्याची गरज नाहीं. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी येथें आपलें शहर वसविलें, आणि पुढील कांहीं वर्षांत डोंगरांतील झऱ्यांचें पाणी भूमिगत नहरीनें शहरांत आणलें. त्यानंतरच्या काळांत उभी राहिलेली पाणचक्की वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरापासून मातीच्या नळांतून आलेलें पाणी तेथें उंच भिंतीवर चढून हौदांत कोसळतें. ह्या नहरींच्या वाटेवर जागोजाग विवरें व मनोरे ठेवलेले आहेत. कोंडलेल्या हवेस वाट देणें हें त्यांचें एक काम. नळांत हवा अडली कीं पाणी अडतें, हें त्या बांधणारांस पक्कें ठाऊक होतें.

टाकीचेंही तसेंच आहे. बंद टाकींतून पेट्रोल खालीं उतरूं लागलें म्हणजे वर पोकळी होते. त्या पोकळींत हवा शिरण्यास वाट नसेल तर थोड्या वेळानें धार बारीक होते, मग तुटते, आणि टाकी अर्धी भरलेली असतांना इंजिन थांबतें. उन्हांत ह्याच्या उलट घडतें. १० लिटर पेट्रोल ३० अंशांनीं तापलें तर तें पाव लिटराहून थोडें अधिक फुगतें. गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद केलेल्या टाकींत ह्या वाढीस जागा कोठली? ती सांध्यावर जोर करते, आणि सांधा उलला कीं तापलेल्या इंजिनाशेजारीं पेट्रोल ठिबकूं लागतें. टाकींत वरची थोडी जागा रिकामी सोडणें हें कंजूषपणाचें लक्षण नव्हे, तें शहाणपण होय.

यंत्रयुग आलें व कातड्याची जागा पत्र्यानें घेतली. १८८८ सालीं बर्था बेंझ ह्या बाईनीं आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फॉर्त्सहाइमपर्यंत मोटारींतून प्रवास केला, तेव्हां वाटेंत इंधन संपत आल्यावर त्यांनीं तें वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. पुढें इंधन डब्यांतून फिरूं लागलें. हिंदुस्थानांत ४ गॅलनांचा, म्हणजे सुमारें १८ लिटरांचा, घासलेटचा चौकोनी डबा खेडोपाडीं पोहोंचला. रिकामा झाल्यावर त्याची बादली झाली, धान्याची कोठी झाली, तुळशीची कुंडी झाली, आणि उलगडून सरळ केलेला पत्रा झोंपडीवर छप्पर म्हणून गेला. घरांत त्यानें इतकी सेवा केली कीं प्रवासांतही तो तसाच विश्वासू ठरेल असें कोणासही वाटावें.

परंतु ह्याच मापाचा व बहुतेक ह्याच घडणीचा पातळ पत्र्याचा डबा घेऊन ब्रिटिश सैन्य दुसऱ्या महायुद्धांत उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत उतरलें, आणि डब्याचें खरें रूप उघडें पडलें. खडबडीत वाटेवर ट्रकमध्यें एकमेकांवर आदळून त्याचे सांधे उलत. सैनिक त्याला ‘फ्लिम्झी’, म्हणजे तकलादू, म्हणत. सेनापति ऑकिनलेक ह्यांच्या अंदाजाप्रमाणें तळावरून आघाडीवर जाईपर्यंत सुमारें ३० टक्के पेट्रोल वाटेंतच नाहींसें होई. जें पात्र कोनाड्यांत स्थिर उभें राहून वर्षानुवर्षें टिकलें, तें चालत्या गाडींत चार दिवसही टिकलें नाहीं.

जर्मन सैन्याजवळ १९३७ पासून एक निराळा डबा होता. तो २० लिटरांचा. पत्र्याचे दोन अर्धे सांच्यांत दाबून ते एकाच सांध्यानें वितळजोड केलेले, आणि तो सांधा आंत दबलेला, म्हणून घासला जात नसे. दोन्ही अंगांवर खोबणी, त्यामुळें पत्र्यास फुगण्यास वाव मिळे. वर तीन मुठी, म्हणजे भरलेला एक डबा दोघांस मिळून उचलतां येई व रिकामे दोन एकट्यास एका हातांत नेतां येत. मुठींखालीं हवेची पोकळी, त्यामुळें भरलेला डबाही पाण्यांत तरंगे. तोंडाशीं हवेची बारीक नळी, म्हणून ओततांना गडगड होऊन पेट्रोल सांडत नसे. पाणचक्कीचा पाठ त्या एका नळींत उतरला होता.

ह्या डब्याचा हिंदुस्थानाशीं एक चमत्कारिक संबंध आहे. १९३९ सालीं बर्लिनमध्यें काम करणारा पॉल प्लाइस हा अमेरिकन इंजिनियर आपल्या एका जर्मन सहकाऱ्यासह मोटारीच्या सांगाड्यावर स्वतः घडविलेली गाडी घेऊन भूमार्गानें हिंदुस्थानाकडे निघाला. गाडी सिद्ध झाली, आणि मग ध्यानांत आलें कीं अडचणीच्या वेळेसाठीं पाणी न्यावयास भांडेंच नाहीं! सहकाऱ्यानें टेम्पेलहोफ विमानतळावरील साठ्यांतून असे तीन डबे मिळविले. वाटेंत जर्मन सरकारनें त्या सहकाऱ्यास परत बोलाविलें. पण जाण्यापूर्वीं त्यानें डब्याच्या घडणीची साद्यंत माहिती प्लाइसला दिली. प्लाइस कलकत्त्यास पोहोंचला, गाडी तेथें ठेवली, आणि मायदेशीं जाऊन त्यानें लष्करी अधिकाऱ्यांस त्या डब्याचें महत्त्व सांगितलें. त्यांनीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. पुढें अमेरिकेनें नक्कल केली खरी, पण सांधा वितळजोडाऐवजीं दुमडीचा केला, व ओतण्याची खास तोटी गाळून टाकली. परिणाम असा झाला कीं झांकण उघडण्यास पाना, ओतण्यास नरसाळें, आणि इतकें करूनही डबा गळे तो गळेच. ब्रिटिशांनीं मूळ घडण जशीच्या तशी उचलली, आणि १९४३ च्या आरंभापर्यंत असे २० लाख डबे उत्तर आफ्रिकेस रवाना झाले. आकार सारखा असून एक डबा टिकला व दुसरा गळला. कोणता भाग कशासाठीं आहे हें न समजतां केलेली नक्कल अशीच फसते, मग ती लष्करानें केलेली असो वा वाळूजच्या दुकानांत केलेली असो.

त्याच युद्धांत जोडटाकीनें आपला सर्वांत मोठा पराक्रम केला. लढाऊ विमानांच्या पोटाखालीं किंवा पंखांखालीं जादा टाक्या लावून त्यांचा पल्ला दूर जर्मनीपर्यंत वाढविण्यांत आला. धातूची टंचाई असल्यामुळें ब्रिटनमध्यें १०८ गॅलनांच्या कांहीं टाक्या चक्क कागदाचे थर चिकटवून केल्या. त्या पेट्रोल भरल्यावर कांहीं तासच टिकत; परंतु काम तेवढ्याच तासांचें होतें, कारण रिकामी झालेली टाकी वैमानिक आकाशांतच सोडून देई. पात्र कोणत्या द्रवासाठीं व किती काळासाठीं आहे हें ओळखून पदार्थ निवडणें, ही ह्या विद्येची कसोटी होय.

आमच्या तरुणास टाकी वाटेंत सोडून देतां येत नाहीं, म्हणून त्यानें ह्या कसोटीकडे अधिकच लक्ष द्यावें. आपल्या देशांत २०२५ पर्यंत पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांपर्यंत आलें. हें इथेनॉल उसापासून व धान्यापासून निघतें. म्हणजे ऊस-मक्याच्या शेतांतलें पीकच आज टाकींत उतरत आहे. तें कांचतंतूच्या टाकींतील साधी राळ मऊ करतें, कांहीं जातींच्या रबरी नळ्या फुगवतें, आणि हवेंतील ओल ओढून घेतें. ती ओल तळाशीं साचली कीं उघडा लोखंडी पत्रा आंतून गंजूं लागतो. २० वर्षांपूर्वीं जें पात्र पेट्रोलास योग्य होतें तें आज योग्य असेलच असें म्हणतां येत नाहीं.

मूळ टाकीस जोडटाकी कशी जोडावी ह्यांतही काळानें फरक केला आहे. जुन्या बजाज स्कूटरवर ज्यांचा संसार फिरला त्यांना ‘रिझर्व्ह’ची चावी ठाऊक आहे. टाकींत दोन उंचींवर दोन तोंडें; वरच्या तोंडापर्यंत पेट्रोल उतरलें कीं गाडी अडखळते, चावी फिरवावी आणि खालच्या तोंडानें उरलेलें पेट्रोल घ्यावें. तेथें सर्व काम गुरुत्वाकर्षणाचें होतें, म्हणून उंचावर बसविलेली कोणतीही टाकी चालत असे. नव्या मोटारसायकलींत पेट्रोल पंपानें दाबून इंजिनास दिलें जातें व तो पंप बहुधा मुख्य टाकीच्या पोटांतच असतो. म्हणून जोडटाकी मुख्य टाकींत रिकामी करणें हाच सरळ मार्ग. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ हें प्रदूषणमानक लागू झालें. पेट्रोलची वाफ उघड्यावर जाऊं नये म्हणून नव्या गाड्यांत ती कोळशाच्या डबींत अडवितात. टाकीस मन मानेल तेथें भोंक पाडणारा ही सारी व्यवस्था मोडून टाकतो.

आतां परीक्षेविषयीं. पुठ्ठ्याचा नमुना गाडीवर बांधून पाय, सायलेन्सर व चाक ह्यांस तो कोठें लागतो तें पाहणें ही पहिली पायरी. दुसरी, पत्र्याची टाकी करून ती पाण्यानें भरणें. वेड्यावांकड्या टाकीची खरी धारणा गणितानें काढण्यापेक्षां मापानें पाणी ओतून चटकन् कळते. तिसरी, अगदीं हलक्या दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेंस फिरविणें. बुडबुडा दिसला कीं सांधा कच्चा. चौथी, पाण्यानें भरलेली टाकी गाडीवर लावून जवळच्या खराब रस्त्यावर कित्येक दिवस फिरणें. पेट्रोल ह्या सर्वांनंतर. आणि एकदां पेट्रोल भरलेली टाकी, ती रिकामी दिसली तरी, वितळजोड करण्यासाठीं कदापि ठिणगीजवळ नेऊं नये. भरल्या टाकीपेक्षां वाफ भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते. ह्या एका नियमाच्या अज्ञानानें माणसें प्राणांस मुकतात.

कायद्यानेंही ह्या बाबतींत विचार केलेला आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल ३० लिटरांपर्यंत परवान्यावांचून जवळ ठेवतां येतें. पण धातूचें पात्र घट्ट बुचाचें व २५ लिटरांहून मोठें नसावें लागतें. वाहनाच्या मूळ घडणींत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें बंधन आहे. म्हणून पुष्कळ वेळां उत्तम जोडटाकी म्हणजे दोन अंगांस समतोल बांधलेले चांगल्या घडणीचे दोन लहान डबेच ठरतात. त्यांत कारागिरीचा मान कमी मिळेल, पण घरचीं माणसें रात्रीं निर्धास्त झोंपतील.

तथापि तरुणांनीं हा उद्योग सोडून द्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या शहराच्या परिसरांत डोंगरांतलें पाणी हवेच्या युक्तीनें चढविलें गेलें व आज जेथें दुचाकी घडतात, तेथें हाताला काम व डोक्याला प्रश्न मिळणें ही चांगलीच गोष्ट आहे. आमची मागणी एकच आहे. आपण केलेल्या प्रत्येक टाकीची हकीकत त्यांनीं वहींत लिहून ठेवावी : पत्रा कोणता, जाडी किती, सांधा कोणता, कोणत्या दिवशीं कोठें गळली व कां गळली. फसलेल्या टाकीचें पान आधीं लिहावें, यशस्वी टाकीचें मागून. पखालीचे टांके घालणारास अशी वही ठेवण्याची संधि समाजानें दिली नाहीं, म्हणून त्याच्या विद्येस आपण कायमचे मुकलों. ज्यांच्या हातीं आज लेखणी व पत्रा दोन्ही आहेत, त्यांना ती सबब सांगतां येणार नाहीं.